हलक्याफुलक्या रहस्यकथा सुचवा (आईला वाचून दाखवायच्या आहेत)

सोनटक्का | सोमवार, रात्री १०:२०

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालं. डावा डोळा पुढच्या महिन्यात. नव्या चष्म्याचा नंबर निघेपर्यंत तिला बारीक अक्षर लागत नाही. जिने चाळीस वर्षं वाचनालयाची वर्गणी कधी चुकवली नाही, तिला दिवसभर नुसतं बसून राहणं फार जड जातंय. म्हणून रात्री जेवणं आटोपली, डोळ्यात थेंब घालून झाले, की मी तासभर वाचून दाखवते.

तिला रहस्यकथा हवी असते. मी आधी एक गाजलेली थरारकथा आणली, तर तिसऱ्याच पानावर प्रेताचं वर्णन सुरू झालं. "मिटव ते," म्हणाली. "कोणी केलं ते शोधायला मला आवडेल, पण कसं केलं ते इतकं जवळून नाही बघायचं. रात्री झोपायचंय मला." मग एक कौटुंबिक कादंबरी आणली, तर चौथ्या दिवशी म्हणाली, "यात पुढे काय होणार ते मला ठाऊक आहे."

तर अशी पुस्तकं सांगा ज्यांत कोडं खरं असेल, उलगडा नीट होईल, पण अंगावर येणारं काही नसेल. माणसं पुन्हा भेटावीशी वाटणारी हवीत. प्रकरणं छोटी असली तर उत्तम. इंग्रजी चालेल, मी वाचता वाचता मराठीत सांगते.

रुमालवाला | सोमवार, रात्री १०:४१

रुमाल टाकून ठेवतोय. सासूबाईंसाठी मी अगदी हेच शोधत होतो.

आल्याचा_चहा | सोमवार, रात्री ११:०५

सोनटक्का, ज्या जातीची पुस्तकं तू म्हणतेस त्यांना इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. गाव लहान असतं, सगळे सगळ्यांना ओळखतात, शोध घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा पोलिसातली नसते आणि खून पडद्याआड होतो. आमच्या घरी आम्ही त्यांना गोधडीतल्या रहस्यकथा म्हणतो.

सुरुवात ॲगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलपासून कर, पण कादंबरीपासून नको. आधी 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' घे. १९३२चं पुस्तक, तेरा कथा. सुरुवातीच्या कथांत दर मंगळवारी सहा जण जमतात: एक लेखक, एक चित्रकार बाई, एक वकील, एक धर्मगुरू, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक बडे साहेब, आणि कोपऱ्यात विणकाम करत बसलेली म्हातारी मार्पल. प्रत्येकाने आपल्याला ठाऊक असलेली एक घटना सांगायची आणि बाकीच्यांनी ती सोडवायची. म्हणजे ही पुस्तकातली माणसंच एकमेकांना गोष्ट सांगत असतात. मोठ्याने वाचायला याच्यासारखं दुसरं नाही. एक कथा एका बैठकीत संपते.

मार्पलची पद्धत तुझ्या आईंना लगेच ओळखीची वाटेल. तिच्याकडे भिंग नाही, प्रयोगशाळा नाही. कोणी अवघड गुन्हा सांगितला की तिला आपल्या गावातलं कोणीतरी आठवतं: अमक्याचा नवरा असाच वागायचा, तमकीच्या मोलकरणीने असंच केलं होतं. आयुष्यभर एका गावात राहून तिने माणसं पाठ केली आहेत. आपल्या वाड्यांतून, चाळींतून अशा बायका किती होत्या!

यानंतर 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०). गावच्या छोट्या वर्तमानपत्रात सकाळी एक जाहिरात येते: अमुक घरी, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला खून होणार आहे. शेजाऱ्यांना वाटतं हा एखादा खेळ असणार, आणि सगळे नटून हजर होतात. एवढं सांगितलंस तरी आई म्हणतील, वाच.

मराठीतच वाचायचं असेल तर मधुकर तोरडमलांनी ख्रिस्तीच्या बऱ्याच कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत. तुमच्या वाचनालयात नक्की विचार.

सोनटक्का | बुधवार, रात्री १०:५०

ताई, पुस्तक मिळालं! काल पहिली कथा वाचली.

तीन माणसं रात्री एकच जेवण जेवतात: डब्यातला लॉब्स्टर, ट्रायफल, ब्रेड आणि चीज. तिघांनाही त्रास होतो आणि त्यांतली एक बाई दगावते. ट्रायफल म्हणजे काय हे सांगायला मला थांबावं लागलं. केक, फळं, कस्टर्ड, साय असे थर एकावर एक, असं सांगितलं. आई उशीला टेकून बसली होती, ती सरळ झाली. तिने तीन प्रश्न विचारले. "वाढलं कोणी? कोणी काय खाल्लं नाही? आणि उरलेलं कुठे गेलं?"

पुढे वाचत गेले तर मार्पलचं डोकंही स्वयंपाकघराच्याच दिशेने चाललेलं. आईने बरोबर ओळखलं की नाही ते इथे लिहीत नाही, ज्यांनी वाचलं नसेल त्यांचा विरस होईल. पण काल रात्री ती खुशीत झोपली. आज सकाळी थेंब घालताना म्हणाली, "ते पोलीस साहेब हुशार आहेत गं, पण त्यांनी कधी ताटं वाढली नाहीत."

एकच अडचण येते. इंग्रजी नावं कानाने लक्षात राहत नाहीत, पान मागे उलटून बघायची सोय तिला नाही.

घाटमाथा | बुधवार, रात्री ११:३०

नावांसाठी उपाय सांगतो, मी वडिलांसाठी केला होता. पहिल्यांदा नाव आलं की नाव सांगायचं आणि लगेच नातं किंवा धंदा जोडायचा. त्यानंतर नाव सोडून द्यायचं. 'वकील', 'चित्रकारीण', 'भाचा' एवढंच. ऐकणाऱ्याला नातं लक्षात राहतं. गंमत म्हणजे यामुळे संशयितांमधला गुंताही जास्त स्पष्ट होतो.

पानगळ | गुरुवार, सकाळी ७:१५

मी कॅनडात असते, इथल्या वाचनालयात अशा पुस्तकांचं वेगळं कपाटच आहे. थंडीच्या पाच महिन्यांत मी त्यावर जगते. माझी आवडती सांगते.

रिचर्ड ऑस्मन: 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०). इंग्लंडमध्ये केंट परगण्यातली निवृत्त लोकांची वसाहत. चार जण दर गुरुवारी जमून पोलिसांच्या जुन्या, न सुटलेल्या प्रकरणांचा कीस पाडतात. एक एकेकाळची गुप्तहेर, एक नर्स, एक कामगार पुढारी, एक मानसोपचारतज्ज्ञ. त्यातल्या नर्सबाई, जॉइस, रोजनिशी लिहितात. ती पानं मोठ्याने वाचताना आपोआप आवाज बदलतो.

एम. सी. बीटन: 'ॲगाथा रेझिन अँड द किश ऑफ डेथ' (१९९२). लंडनमधली स्वतःची जनसंपर्क कंपनी विकून एक बाई गावात राहायला येते. लोकांत मिसळावं म्हणून पाककृती स्पर्धेत भाग घेते, पण स्वयंपाक येत नसल्यामुळे दुकानातून विकत आणलेला किश (अंडी-दूध घालून भाजलेला खारा पाय) स्वतःचा म्हणून ठेवते. परीक्षक तो खाऊन मरतो. आता पोलिसांना खरं सांगायचं तर गावात अब्रू जाते! बाई तापट आहे, पण मला तिची फार माया वाटते. एकटेपणा लपवणारी माणसं अशीच वागतात.

आणि जेसी सुतांटो यांचं 'व्हेरा वाँग्ज अनसॉलिसिटेड ॲडव्हाइस फॉर मर्डरर्स' (२०२३). सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये साठीच्या व्हेराबाईंचं चहाचं दुकान. एका सकाळी दुकानात प्रेत सापडतं. पोलीस नीट करणार नाहीत म्हणून त्या स्वतःच मार्करने प्रेताभोवती रेघ आखून ठेवतात. मग एकेका संशयिताला घरी बोलावून जेवू घालतात, त्याच्या लग्नाची चौकशी करतात. ही बाई आपल्याच नात्यातली वाटते.

शेवगा | गुरुवार, दुपारी १:४०

पानगळ, यादी आवडली, पण ऑस्मनबद्दल सावधगिरीचा शब्द लिहितो. ती पुस्तकं हलकी आहेत असं सगळीकडे म्हणतात. त्या गुप्तहेर एलिझाबेथच्या नवऱ्याची स्मृती हळूहळू जात असते, आणि तो भाग पुस्तकागणिक खोल होत जातो. चौथ्या पुस्तकात तर फारच. माझ्या वडिलांनी शेवटच्या दोन वर्षांत मला ओळखलं नाही. ते प्रकरण मी बसमध्ये वाचत होतो, मला उतरावं लागलं.

पुस्तक उत्तम आहे, मी स्वतः पुन्हा वाचेन. पण आजारातून उठलेल्या माणसाला रात्री वाचून दाखवायचं असेल तर आधी आपण वाचून बघावं.

पानगळ | गुरुवार, संध्याकाळी ६:०५

शेवगा, हे लिहिलंत ते बरं केलंत. मी ते विनोदासाठी वाचलं होतं आणि तो भाग मनातून बाजूला सारला होता. सोनटक्का, ऑस्मन नंतर कधीतरी, तुम्ही एकट्या वाचा.

घाटमाथा | शुक्रवार, रात्री ९:२०

भारतातली सुचवतो.

वसीम खान यांचं 'द अनएक्स्पेक्टेड इनहेरिटन्स ऑफ इन्स्पेक्टर चोप्रा' (२०१५). मुंबई पोलिसातले इन्स्पेक्टर हृदयविकारामुळे वेळेआधी निवृत्त होतात आणि त्याच सुमारास मामा-काकांकडून वारशात हत्तीचं पिल्लू येतं. ते सोसायटीच्या आवारात बांधायचं म्हटल्यावर कमिटीच्या अध्यक्षबाई काय करतील याची कल्पना कोणत्याही मुंबईकराला येईल. पुढे चार-पाच पुस्तकं आहेत.

हरिणी नागेंद्र यांचं 'द बँगलोर डिटेक्टिव्हज क्लब' (२०२२). १९२१ सालचं बंगळूर. कावेरी नावाची नवी नवरी, गणिताची आवड असलेली, साडी सांभाळत मोटार चालवायला शिकते आणि खुनाचा छडा लावते. लेखिका पर्यावरणशास्त्रज्ञ आहेत, त्यामुळे झाडं, तळी, बागा अगदी खऱ्या उतरल्यात. शेवटी पाककृतीही आहेत.

सुजाता मॅसी यांचं 'अ मर्डर ऑन मलबार हिल' यात धरू नका. फार सुंदर आहे, पण हलकं नाही. १९२१ची मुंबई, पारशी वकील परवीन मिस्त्री. तिच्या स्वतःच्या लग्नाची कहाणी वाचवत नाही. ती व्यक्तिरेखा ज्यांच्यावरून स्फुरली त्या कॉर्नेलिया सोराबजी आपल्या नाशिकच्या, १८६६चा जन्म, शिक्षण पुण्यात डेक्कन कॉलेजात आणि मग ऑक्सफर्डला कायदा. एवढ्यासाठी तरी आपण कधीतरी वाचावं.

शेवगा | शुक्रवार, रात्री १०:१०

मराठीचं काय? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू यांच्यासाठी लोक वाचनालयापुढे थांबायचे. पण त्या साहसकथा, त्यांचा जीव वेगात आहे. नंतर आपल्याकडे गूढ आणि भय जास्त लिहिलं गेलं. आळीतली एखादी काकू शेजारच्या घरातलं कोडं सोडवते अशी लांबलचक मालिका मराठीत असायला हवी होती, याची मला मनापासून खंत वाटते. आपल्याकडे त्यासाठी लागणारं सगळं होतं.

त्यातल्या त्यात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा, विद्याभवनात शिकणारा. मुलांचा म्हणून सोडू नका, सत्तरीची माणसंही 'ट्टॉक' ऐकून उजळतात.

आणि सत्यजित राय यांचा फेलूदा, १९६५पासूनचा. अशोक जैन यांचे मराठी अनुवाद रोहन प्रकाशनाने काढलेत, म्हणजे सोनटक्काला तोंडी भाषांतर करावं लागणार नाही. त्यात एक कथा वेरूळच्या लेण्यांत घडते, मूर्तिचोरांच्या मागावर फेलूदा थेट औरंगाबादला येतो. मुलांसाठी लिहिलेलं असल्यामुळे काहीही अंगावर येत नाही, पण कोडं मात्र पक्कं असतं.

आल्याचा_चहा | शुक्रवार, रात्री १०:३५

शेवगा, खंतीला अनुमोदन. बंगालीचा विषय निघाला म्हणून: व्योमकेश बक्षीचे लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय १९५२पासून पुण्यात राहिले. नंतरच्या काळातल्या व्योमकेशकथा त्यांनी तिथून लिहिल्या. आपल्या गल्लीत बसून कोणी कलकत्त्याचे गुन्हे सोडवत होता, आणि आपल्याला पत्ता नव्हता.

सोनटक्का | पुढचा गुरुवार, रात्री ११:००

सगळ्यांचे आभार. तेरा कथा संपल्या. मध्ये एका दुकानात अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांचं 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' (१९९८) दिसलं, ते आणलं. बोट्स्वानातल्या रामोत्स्वे बाई, वडिलांच्या मागे राहिलेली गुरं विकून गुप्तहेर कचेरी काढतात. कचेरीची मालमत्ता पहिल्याच पानावर मोजून दिलीय: पांढरी छोटी गाडी, दोन टेबलं, दोन खुर्च्या, फोन, जुना टाइपरायटर, आणि एक चहाची किटली व तीन मग. एक स्वतःला, एक सेक्रेटरीला, एक गिऱ्हाइकाला. इथे आईने मला थांबवलं. "तिसरा कप आधीच घेऊन ठेवला तिने," म्हणाली, आणि थोडा वेळ काही बोलली नाही.

पहिलंच प्रकरण असं की एका मुलीच्या दारात एक म्हातारा येऊन सांगतो, मी तुझा बाप. तो खरा की खोटा? आईने दोन दिवस त्यावर डोकं चालवलं.

पुढे नवऱ्याच्या मारहाणीचा भाग आहे आणि एका हरवलेल्या मुलाचा. ते मी आधी वाचून ठेवलं होतं, शेवगा यांच्या सांगण्यामुळे. तिला विचारलं, ती म्हणाली वाच. मग दिवसा उजेडी वाचलं, रात्री नाही.

आता असं काही आहे का ज्यात खून अजिबातच नाही?

पानगळ | शुक्रवार, सकाळी ६:५०

आहे! 'द कामोगावा फूड डिटेक्टिव्हज', हिसाशी काशिवाई, मूळ जपानी. क्योटोत पाटी नसलेली एक खानावळ. वडील पूर्वी पोलिसात होते, मुलगी चौकशीचं बघते. लोक येतात आणि सांगतात, अमुक पदार्थ मी लहानपणी खाल्ला होता, तसा पुन्हा कुठे मिळाला नाही. वडील धागेदोरे जुळवून दोन आठवड्यांत तो पदार्थ शोधतात आणि पुढ्यात वाढतात. सहा प्रकरणं, सहा पदार्थ. पाणी कुठलं, तांदूळ कुठला, त्या वेळी घरात काय परिस्थिती होती, सगळा तपासच.

सोनटक्का | मंगळवार, रात्री ११:२०

पहिलं प्रकरण वाचलं, आणि विषय पुस्तकाबाहेर गेला. आई म्हणाली, "माझाही एक शोधायचाय."

ती आठ वर्षांची असताना तिची आई गेली. घर वेंगुर्ल्याजवळ होतं. नंतर ती मामाकडे कराडला वाढली, तिकडचं सगळं सुटलं. तिला एक पदार्थ आठवतो, नाव आठवत नाही. पिवळसर रस, आंबटगोड. पहिल्या घासाला नाकात झणका जायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं, पण तिखट नव्हतं. त्यात एक फळ असायचं, त्याचा बाठा चोखत बसायचं. धागे दातांत अडकायचे.

कोणाला काही सुचतंय?

घाटमाथा | मंगळवार, रात्री ११:४५

कैरीचं कोयाडं?

रुमालवाला | बुधवार, सकाळी ८:१०

नाकात झणका म्हणजे कच्ची वाटलेली मोहरी. कोयाड्यात तसं होत नाही. आंब्याचं सासव असणार. आमच्याकडे रायवळ आंब्यांचं करतात.

माडाची_सावली | बुधवार, सकाळी ९:३०

एरवी फक्त वाचते, आज लिहिते. मी सावंतवाडीची. सासव हे बरोबर वाटतंय. पण सोनटक्का, आईंना दोन गोष्टी विचारशील? वर्षातले कोणते दिवस होते? आणि बाठा चोखताना टोचायचा का?

सोनटक्का | बुधवार, रात्री ९:४०

विचारलं. गणपतीचे दिवस, हे नक्की, कारण गणपतीच्या डोक्यावर जी माटवी टांगतात तिच्यात तीच फळं लटकलेली तिला आठवतात. आणि हो, टोचायचा. हे विचारल्यावर तिने जिभेवरून बोट फिरवलं.

माडाची_सावली | बुधवार, रात्री १०:००

मग तो आंबा नव्हे. भाद्रपदात कुठला रायवळ? ते अंबाडे. (घाटावरची अंबाडीची भाजी वेगळी, हे झाडाचं फळ, लिंबाएवढं.) बाठ्याला काटेरी धागे असतात, चोखताना टोचतात, आणि आमच्याकडे गोव्यापर्यंत सगळीकडे गणपतीत माटवीला बांधतात. पदार्थ अंबाड्यांचं सासव.

पिकू लागलेले डझनभर अंबाडे सोलून किंचित ठेचायचे, मीठ आणि बराच गूळ घालून शिजवायचे. ओलं खोबरं आणि दोन-तीन सुक्या मिरच्या वाटायच्या, मोहरी वाटण होत आल्यावर शेवटी टाकायची, जास्त वाटली तर कडवटते. वाटण घातल्यावर उकळायचं नाही, नाहीतर झणका जातो.

पुण्यात अंबाडे मिळणं कठीण. माझ्या विपूत (विचारपुशीच्या पानावर) निरोप ठेव, शनिवारी आमच्याकडून एक जण येतोय.

सोनटक्का | रविवार, रात्री १०:१५

अंबाडे पोहोचले. आज दुपारी केलं. आईने आधी वाटी नाकाशी धरली. मग एक घास घेतला आणि म्हणाली, "मोहरी अजून हवी." बाठा चोखत बराच वेळ बसली. मग आपोआप सांगू लागली की तिची आई अंबाडे दारातल्या पायरीवर ठेवून वरवंट्याने ठेचायची आणि हिला लांब बस म्हणायची, रस उडेल म्हणून. हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. मलाही नाही, बाबांनाही नाही.

माडाची_सावली, तिने तुमच्यासाठी निरोप दिलाय: दुसऱ्या डोळ्याचं झालं की तुम्हाला स्वतः पत्र लिहीन.

पुस्तकाचं म्हणाल तर दुसरं प्रकरण मागे ठेवलंय. तिसरं सुशीचं आहे, बांगड्याच्या जातीच्या माशाची. "बांगडा आधी वाच," म्हणतेय. जाते, थेंब घालायची वेळ झाली.